आधी पाटी, मग भाजी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीनं मला पगार विचारला नाही, आडनावावरून जात काढायचा प्रयत्न केला नाही, लग्न का झालं नाही हेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "भाजी कुटनं आणतीस?" मी खरं ते सांगितलं. कोपऱ्यावर गाडे येतात, जो हाक मारेल त्याच्याकडून घेते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हंजे कुणीबी हाक मारली की तू जातीस," त्या म्हणाल्या. खोली मला मिळाली, पण नापास झाल्यावर वरच्या वर्गात ढकलतात तशी मिळाली.

घर नवी पेठेच्या मागच्या बोळात होतं. खाली त्या, वर मी. महापालिकेच्या उर्दू शाळेत तिसरी-चौथीला गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. उर्दू शाळेत बाईंना आपा म्हणतात, आणि आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे रिक्षावाल्यापासून कापड दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या शेठपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत. मीही म्हणू लागले. नवरा ट्रकवर होता, तो फार पूर्वी गेला. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. घरात आल्यागेल्याशी त्या दखनी बोलत, माझ्याशी मात्र माहेरचं मराठी. माहेर मोडनिंबचं. हे मला आधीच ठाऊक असतं तर पुढचं टळलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. जे केलं ते मी सगळं ठाऊक झाल्यावरच केलं.

दर रविवारी सकाळी शहरातल्या एका मैदानावर शेतकरी बाजार भरत असे. मध्ये दलाल नाही, अडत नाही. ज्यानं पिकवलं तोच विकायला उभा. ओळीनं टेबलं मांडलेली आणि प्रत्येक टेबलावर शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका लिहिलेली पाटी. लोक तिथं ताज्या भाजीसाठी येत. आपा येत त्या पाट्या वाचायला. "आधी पाटी, मग भाजी," असा त्यांचा नियम होता. कुठल्या गावचं ते कळल्याशिवाय त्या मालाला हात लावत नसत. पाटी समोर असली तरी वर आणखी विचारत, "कुटल्या गावचं?" विकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं गाव सांगितलं की मगच वांगं उचलायचं.

पहिली फेरी रिकाम्या हातानं व्हायची. तिला त्या हजेरी म्हणत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं चालायचं आणि कोण आलंय, कोण नाही ते बघायचं. "केम?" असं गावाचं नाव त्या टेबलासमोर उभ्या राहून पुकारत, आणि केमचे अण्णा, साठीचा माणूस, हातातला तराजू खाली ठेवून "हाय, आपा," म्हणत. मला पहिल्यांदा हसू आवरेना. पुढं लक्षात आलं, की ती माणसंही वाट बघत असतात. टोमॅटो आणणारी एक बाई लागोपाठ तीन रविवार आली नाही तेव्हा आपांनी शेजारच्या टेबलावरून तिचा नंबर घेतला, फोन केला, सुनेचं बाळंतपण झाल्याचं काढून घेतलं. चौथ्या रविवारी ती आली तर आपांनी तिला विचारलं, "रजेचा अर्ज कुटं हाय?" ती बिचारी खरंच घाबरली.

भाव करणं त्यांना मंजूर नव्हतं. "दोन रुपयांनी तुझं घर चालणार न्हाय आन् त्याचंबी बुडणार न्हाय. मंग तोंड कशाला वाजवायचं?" पण माल खराब निघाला तर पुढच्या रविवारी ती किडकी शेंग रुमालात बांधून आणत आणि टेबलावर, गिऱ्हाइकांच्या देखत, उलगडून ठेवत. बोलत काहीच नसत. गिऱ्हाइकांनाही सोडत नसत. दुधी कोवळा आहे का बघायला लोक त्याला नख लावतात आणि तसाच ठेवून पुढं जातात. एकदा एका सुटाबुटातल्या गृहस्थानं असे चार दुधी नख लावून ठेवले. आपांनी त्याची बाही धरली. "लावलंस न्हवं नख? आता ह्ये चारीबी तुझे." तो रागावला, आपण कोण आहोत ते सांगू लागला. आपा शांतपणे म्हणाल्या, "तू कोन हायस त्ये दुधीला ठाव न्हाय." त्यानं चारही घेतले. घरी जाऊन बायकोचं काय ऐकलं असेल देव जाणे.

मला त्यांनी भाजी शिकवली ती अशी सोबत फिरवून. पानावर जाऊ नकोस, पानावर पाणी मारलेलं असतं. मुळं बघ, मुळाला लागलेली माती ओली आहे का ते बघ. भेंडीचं शेपूट मोडून बघितलंस तर ती भेंडी तुझी. पालेभाजीची पिशवी वेगळी, जड भाजीची वेगळी, आणि पालेभाजीची पिशवी कायम त्यांच्या खांद्याला.

मोडनिंबचं टेबल डाव्या ओळीत होतं, केमच्या अण्णांच्या शेजारी. तिथला माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. माल नेहमी चांगला. आपा तिथं थांबत. दर रविवारी तीच असलेली पाटी नव्यानं वाचत. मग हात मागं बांधून टेबलावरचं सगळं नजरेखालून घालत आणि काही न घेता, काही न विचारता पुढं जात. तोही कधी "घ्या की" म्हणत नसे. मला वाटलं, याच्याकडे कधीतरी किडकं निघालं असणार.

पहिल्याच हिवाळ्यात मी त्याच्याकडून पेरू आणले. फोडी केल्या, तिखटमीठ लावलं आणि बशी घेऊन खाली गेले. "कुटल्या गावचं?" आपांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी एका बोटानं बशी माझ्याकडे सरकवली. "तू खा. मला चालत न्हाय." मी समजले, साखरेचा त्रास असेल. पुढं एकदा दोघी मेथी निवडत बसलो असताना मी शहाणपणा केला. पेरू साखरेला चालतो म्हणतात, आपा. त्या हसल्या. मग मेथी निवडता निवडताच त्यांनी सांगितलं.

त्यांची आई मोडनिंबला धाकट्या भावाकडे असायची. त्या वेळेच्या आठ वर्षं आधी, उन्हाळ्यात एके पहाटे ती गेली. भावाचा फोन आला. "मी निगाले," आपा त्याला म्हणाल्या, "मी येईस्तोवर थांब." तो म्हणाला, थांबतो. मोहोळच्या अलीकडे एसटी बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. त्या पोचल्या तेव्हा दुपारची नमाज होऊन गेली होती आणि आईला मातीही दिली होती. ऊन फार आहे, मय्यत ठेवू नये, असं गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, आणि भाऊ हो म्हणाला.

"त्याचा सभावच तसा," आपा म्हणाल्या. "त्याला कुणाला न्हाय म्हनता येत न्हाय. मला म्हनला थांबतो, त्यांना म्हनला चला. जरा भांडला असता तर मी तोंड बघितलं असतं आईचं." भावानं घरातून तांब्या भरून पाणी आणलं. आपांनी ते घेतलं नाही. सगळ्यांच्या देखत त्यांनी अल्लाची शपथ घेतली, की या मातीत पिकलेलं मी तोंडात घालणार नाही. आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरल्या. त्यानंतर भावाशी बोलणं नाही, जाणं नाही.

"मग दर रविवारी त्या टेबलाशी थांबता कशाला?" मी विचारलं.

"शपथ खान्यापुरती हाय. बघायला बंदी न्हाय," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या गोळा करायला लागल्या.

त्या खोलीत माझं चौथं वर्ष होतं तेव्हा, दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील, आपा न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. मुलगी पंधरा दिवस राहून गेली, मग दिवसा एक बाई ठेवली आणि संध्याकाळी मी. दुखण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, पण अन्न सुटलं. ज्या बाईनं शहराला खायचं कसं ते शिकवलं ती दोन घास खाऊन ताट ढकलू लागली. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर हाड जुळायचं नाही, मग कायमचं अंथरूण. हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आपांना मी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. मला खरोखर भीती वाटायला लागली होती.

बाजार आता मी एकटी करत होते. आल्यावर हजेरी द्यावी लागे. कोण आलं, कोण नाही, केमच्या अण्णांचा गुडघा कसा आहे. डिसेंबरातला पहिला रविवार. अण्णांच्या टेबलावर हरभऱ्याचा कोवळा पाला होता, शेंडे खुडलेला, हाताला आंबट लागणारा. मी शिकवल्याप्रमाणे आधी पाटी वाचली, केम. अण्णा दिसत नव्हते, शेजारच्या मोडनिंबवाल्यानंच पैसे घेतले. अण्णा चहाला गेले असतील असं समजून मी भाजी घेतली. संध्याकाळी लसूण-मिरचीच्या फोडणीत, ज्वारीचं पीठ लावून ती केली आणि सोबत गरम भाकरी नेली. "कुटल्या गावचं?" त्यांनी विचारलं. "केम," मी म्हणाले.

आपांनी भाकरी सगळी खाल्ली. भाजी परत मागितली. आणि खाताखाता, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, बोलायला लागल्या. थंडीत त्यांची आई रात्री हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरून यायची. पहाटे दवानं ते भिजायचं, पाल्यावरची आंब त्यात उतरायची. ते पिळून आई बाटलीत भरून ठेवायची आणि गावात कुणाचं पोट दुखलं की बाटलीतलं चमचाभर द्यायची. "सगळ्यांच्या पोटात आमच्या आईचं धोतर गेलेलं हाय," आपा म्हणाल्या आणि हसल्या. मी वर गेले ती तरंगतच. आपा जेवल्या होत्या.

पुढच्या रविवारी मी अण्णांच्या टेबलाशी गेले आणि तशीच भाजी मागितली. अण्णा म्हणाले, "मागच्या रव्वारी मी नव्हतोच की ताई. भाचीच्या लग्नाला गेलतो. टेबल मोकळं बघून ह्यानं आपली भाजी मांडली व्हती." आणि त्यांनी मोडनिंबवाल्याकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली. हरभऱ्याचा पाला त्याच्याच टेबलावर होता.

मी तिथं उभी राहिले. अकरा वर्षांची शपथ मी पाटी वाचून मोडली होती. त्या वेळी मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. घरी जाऊन सांगायचं, आपा, चूक झाली. नाहीतर दुसरं काहीतरी घेऊन गप्प बसायचं. मी तिसरं केलं. भाजी घेतली. घरी विचारलं तेव्हा पुन्हा केम सांगितलं. पहिल्या वेळी चूक होती, आता खोटं होतं. पण आपा जेवत होत्या, आणि माझ्या मते तेव्हा तेवढं एकच खरं होतं. कुणाच्या भल्यासाठी खोटं बोलताना माणूस स्वतःवर किती खूश असतो, हे त्या महिन्यात मला कळलं.

तिसऱ्या रविवारी मोडनिंबवाल्यानं विचारलं, दर वेळी एवढी भाजी कोण खातं. मी बोलून गेले. आमच्या आपा, दर रविवारी इथं थांबायच्या त्या, नवी पेठेच्या मागं राहतात, उर्दू शाळेत होत्या, पाय मोडलाय, दुसरं काही जात नाही, एवढीच भाजी खातात. पुढच्या रविवारी त्यानं टेबलाखालून ओल्या फडक्यात बांधलेली जुडी काढली. "ही येगळी ठिवलीय," म्हणाला. "त्येंच्याच रानातली हाय. त्येंच्या भावानं पहाटं खुडून दिलीया. पैसं नकोत." मी ती घ्यायला नको होती. सगळं समजत होतं, तरी घेतली. फडकंसुद्धा धुऊन परत केलं.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी मी आपांच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, हातात कापडी पिशवी. चपला त्यांनी आधीच काढून बाजूला ठेवल्या होत्या, पण आत यायचं धाडस होत नव्हतं. आपा पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि ओळखलं. मग तो माणूस दखनीत म्हणाला, "आपा, अपने रान की भाजी खाई बोले तू?"

आपांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताला पीठ होतं, तव्यावर भाकरी होती, आणि शेजारच्या पातेल्यात ती भाजी शिजत होती. मला खाली बघायला लागलं. त्या एका क्षणात त्यांना सगळं कळलं. वर्गात उत्तर चोरणारं पोर त्यांना पस्तीस वर्षं ओळखता येत होतं, मी कोण लागून गेले.

"हौ," आपा भावाला म्हणाल्या. "खाई."

ते आत आले, पलंगाच्या पायाशी बसले आणि रडले. आपांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी गॅस बंद केला आणि जिन्यावर जाऊन बसले. खालून आवाज येत होते, बहुतेक त्यांचाच, आपांचा अधूनमधून. दिवस मावळायच्या आत ते मोडनिंबच्या गाडीला गेले. जाताना माझ्यासमोर थांबून त्यांनी हात जोडले. तसं कुणी आपल्याला हात जोडू नयेत.

मी खाली गेले तेव्हा आपा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "आपा, मी," असं म्हणाले आणि पलंगाच्या कडेशी उभी राहिले.

"न कळता खाल्लं त्याचं मला पाप न्हाय," त्या न वळता म्हणाल्या. "कळून खायला घातलंस त्याचं तुझं तू बघ."

"मग त्यांना हो का म्हणालात?"

"म्हातारा झालाय गं त्यो. दारात हुबा व्हता. आत यिऊ का म्हनून डोळ्यांनी इच्यारत व्हता. त्याला सांगू, न्हाय, ही पोरगी खोटं बोलली, जा मागारी?" जरा वेळानं त्या वळल्या. "पर माफ मी केलं न्हाय त्याला. तुझ्या भाजीनं केलं. अकरा वरसं एक गोष्ट माझी हुती, ती तू माझ्या हातातनं काढून घेतलीस. तुला वाटलं तू जिऊ घातलंस."

त्या रात्री मी जेवले नाही. त्यानं काही होत नाही, हेही मला माहीत होतं.

मला वाटलं, खोली सोडायला सांगतील. तसं काही झालं नाही. माझ्या हातचं खाणंही त्यांनी थांबवलं नाही. उलट नेटानं खाऊ लागल्या. भाऊ दिवसाआड फोन करायचे, त्या थोडकंच बोलायच्या. बदल एकच झाला. मी ताट ठेवलं की त्या नेहमीसारखं विचारायच्या, "कुटल्या गावचं?" मी गाव सांगायची. मग माझ्या तोंडाकडे बघत त्या दुसरा प्रश्न विचारायच्या, "खरं?" दर वेळी. शेपू असो, दोडका असो. मी "खरं" म्हणायची आणि मगच घास तोंडात जायचा. महिनाभर मी ते "खरं?" ऐकलं. आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी बरंच काही ऐकवलं आहे. एवढं कशानं लागलं नाही.

जानेवारी संपत आला. आपा वॉकर धरून घरातल्या घरात चालू लागल्या. एका शुक्रवारी सकाळी त्यांनी मला रजा टाकायला सांगितलं. दहा माणसांचा स्वयंपाक करायचा होता. स्वतः खुर्चीवर बसून भोपळा चिरत त्यांनी मला दालचा, म्हणजे भोपळा घातलेली आंबट डाळ, करायला लावला, सोबत भात. पाहुणे कोण ते मला दुपारी दिसलं. बोळात भंगार वेचणाऱ्या चार बायका, आणि दर्ग्यासमोर बसणारी सहा म्हातारी माणसं. आपांनी प्रत्येकाला स्वतःच्या हातानं वाढलं, वॉकर भिंतीला लावून, एका हातानं पलंगाचा कठडा धरून. ती सगळी पोटभर जेवून गेल्यावर मी विचारलं, आज काय आहे.

"शपत जानूनबुजून मोडायची आसली तर दहा गोरगरिबांना जिऊ घालावं लागतंय," त्या म्हणाल्या. "कफ्फारा म्हनत्यात त्याला. आमच्यात हाय तसं."

"पण ती तर मोडली, आपा. माझ्यामुळं."

त्यांनी भांडी गोळा करायला सांगितली.

रविवारी सकाळी त्या अंगावर शाल घेऊन तयार होत्या. वॉकर रिक्षात मावेना, रिक्षावाल्यानं तो टपाला दोरीनं बांधला. मैदानाच्या तोंडाशी आम्ही उतरलो आणि टेबलामागची माणसं एकेक करून उभी राहिली. आपांनी मात्र नेहमीप्रमाणे हजेरी घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वॉकर उचलत, टेकवत, दर टेबलापाशी थांबत. नेहमी दहा मिनिटांत होणाऱ्या फेरीला पाऊण तास लागला. पिशवी घ्यायला मी दोनदा हात पुढं केला. दोन्ही वेळा त्यांनी ती खांद्यावर वर सरकवली.

मग त्या मोडनिंबच्या टेबलासमोर आल्या. चष्मा बदलला. पाटी वाचली. हरभऱ्याचा हंगाम सरत आला होता. कुठल्या तरी उशिरा पेरलेल्या तुकड्यातल्या, मुळासकट उपटलेल्या तीन-चार जुड्या कोपऱ्यात पडल्या होत्या. पानं जराशी जून झालेली. एरवी असा माल त्यांनी घेतला नसता.

"कुटल्या गावचं?" आपांनी विचारलं.

तो माणूस गोंधळला. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मोडनिंबचं, आपा," तो म्हणाला.

"दे एक."

त्यानं जुडी दिली. आपांनी तिची मुळं बघितली, मातीला बोट लावून बघितलं. मग वॉकर सोडून दोन्ही हातांनी एक शेंडा खुडला आणि तिथंच, सगळ्या बाजाराच्या देखत, कच्चाच तोंडात घातला. त्या हळूहळू चावत राहिल्या. त्यांचा तोल जाईल म्हणून मी मागून कोपर धरलं होतं. ते त्यांनी झटकलं नाही.

"आता ह्ये पयलं," त्या म्हणाल्या.

"आपा, त्याआधी तुम्ही," मी सुरुवात केली.

"त्ये तुझं हुतं," त्या म्हणाल्या. "माझं ह्ये पयलं." आवाजात राग नव्हता. त्यांनी जुडी पिशवीत घातली, पैसे दिले, सुटे मोजून घेतले आणि निघता निघता त्या माणसाकडे वळल्या.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या, "आपानं आज घेतली."